धर्मपरिषदेच्या इतिवृत्तात पोपचे प्रतिनिधी कसे शोधावेत

अचलपूर, दर्यापूर किंवा चिखलदऱ्याकडच्या खेड्यांत राहून चर्चचा इतिहास अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि कॅटेकिस्टांना (धर्मशिक्षण देणाऱ्यांना) मोठे ग्रंथालय जवळ नसते. तरीही जुन्या धर्मपरिषदांच्या, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभांच्या, इतिवृत्तांची भाषांतरे मिळवून हा अभ्यास गावात बसून नीट करता येतो. पाने तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणावीत, कारण मोबाईलवर नावांची लांबलचक यादी मागे-पुढे करून ताडता येत नाही.

वाचनाची सुरुवात ठरावांपासून न करता सह्यांपासून करावी. ग्रामसभेच्या प्रोसिडिंग बुकात सही पाहून कोण हजर होते ते कळते. परिषदेच्या सहीत मात्र तो माणूस कोणाच्या जागी बसला होता हेही लिहिलेले असते, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. वहीत चार रकाने आखावेत: नाव, पद, कोणाच्या वतीने, सहीचा क्रमांक. पहिल्या सात सार्वत्रिक (संपूर्ण चर्चच्या मानल्या गेलेल्या) परिषदांपैकी एकीतही पोप स्वतः बसले नाहीत. मात्र प्रत्येक वेळी त्यांचे प्रतिनिधी होतेच असे गृहीत धरू नये. ३८१ आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदांत ते नव्हते.

पद आणि क्रमांक हे दोन रकाने एकत्र वाचावेत. ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पोप अगाथो यांच्या वतीने थिओडोर आणि जॉर्ज हे दोन धर्मगुरू आणि जॉन नावाचे डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पदावरचे सेवक) आले होते. त्यांच्यापैकी कोणीही बिशप नव्हते, तरी त्यांच्या सह्या पेट्रिआर्कांच्या (कॉन्स्टँटिनोपलसारख्या प्रमुख आसनांच्या बिशपांच्या) आधी येतात, कारण तिथे मान त्यांना पाठवणाऱ्या पोपच्या आसनाला दिलेला आहे. हेच डीकन जॉन ६८५ मध्ये पोप झाले, यावरून रोम या कामासाठी कशी माणसे निवडत असे याचा अंदाज येतो.

पूर्ण सरावासाठी ७८७ ची निकायाची परिषद घ्यावी. माझ्या मते नवशिक्याला इतके शिकवणारी दुसरी परिषद नाही. पोप हेड्रियन पहिले यांनी दोन प्रतिनिधी पाठवले आणि दोघांचेही नाव पीटर होते: एक रोमच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, दुसरे रोममधील संत साबा मठाचे मठाधिपती. नावे सारखी असल्याने पदासकट नोंद केली नाही तर दोघांचे एक होतात. परिषद आधी ७८६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरली होती. सैनिकांनी ती उधळली, प्रतिनिधी परत निघून सिसिलीपर्यंत पोहोचले आणि तिथून त्यांना पुन्हा बोलावण्यात आले. निकायात सह्यांमध्ये हे दोघे पहिले आहेत, पण कामकाज प्रत्यक्षात कॉन्स्टँटिनोपलचे पेट्रिआर्क तारासिओस चालवतात, हे भाषणांचा क्रम पाहिला की लगेच लक्षात येते. म्हणून पहिली सही म्हणजे अध्यक्षपद, असे लिहू नये.

यानंतर प्रतिनिधींनी सोबत आणलेले पत्र वाचावे. हेड्रियन यांचे पत्र दुसऱ्या बैठकीत ग्रीक भाषेत वाचले गेले, पण मूळ लॅटिन पत्रात तारासिओस यांना सामान्य माणसातून थेट पेट्रिआर्क केल्याबद्दल जी नापसंती होती, ती त्या ग्रीक रूपात येत नाही. दोन्ही रूपे शेजारी ठेवून, गाळलेल्या ओळी पेन्सिलने खुणा करून घ्याव्यात. या कामाला वेळ लागतो आणि तो द्यावाच.

शेवटी वहीच्या पुढच्या पानावर ७९४ ची फ्रँकफर्टची परिषद मांडावी. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने भरवलेल्या या परिषदेत त्याच हेड्रियन यांचे प्रतिनिधी म्हणून थिओफिलॅक्ट आणि स्टीफन हे बिशप हजर होते आणि तिथे मूर्तिचित्रांना मान द्यावा हा निकायाचा निर्णय, मुख्यतः सदोष लॅटिन भाषांतराच्या आधारे, नाकारण्यात आला. एकाच पोपची माणसे परस्परविरोधी निर्णयांच्या दोन सभांत बसलेली दिसतात. अशा वेळी नुसत्या हजेरीवरून रोमची संमती ठरवू नये. निकायाची बाजू मांडणारे हेड्रियन यांचे शार्लमेनला लिहिलेले उत्तर आधी वाचावे आणि मगच वहीत संमतीचा पाचवा रकाना आखावा.