गोल चाबीच्या कुलपाला पिक लावताना या चुका टाळा

आमच्याकडे गोल चाबी तीन ठिकाणी हमखास सापडते: गावातल्या आरओ पाण्याच्या मशीनची गल्लापेटी, मोबाईलच्या दुकानातलं काचेचं कपाट आणि सायकलीला गुंडाळलेली वायरची साखळी. चाबी हरवली की फोन येतो, "भाऊ, ते नळीवाल्या चाबीचं कुलूप हाय, उघडते का तुमच्याच्यानं?"

उघडते. पण त्यासाठी घेतलेला पहिला पिक, म्हणजे चाबीशिवाय कुलूप उघडायचं हत्यार, मी पंधरा दिवसांत मोडला होता. आता बाजाराच्या दिवशी नवीन पोरं माझ्या पेटीशेजारी येऊन बसतात, तर त्यांचेही पिक तसेच मोडतात.

चपट्या चाबीच्या कुलपात पिना, म्हणजे कुलूप अडवून धरणाऱ्या बारीक कांड्या, एका रांगेत असतात, यात त्या मधल्या दांड्याभोवती गोल बसलेल्या असतात. बहुतेक कुलपांत ७. काहींत ६ किंवा ८, क्वचित १०. पिक म्हणजे चाबीच्याच आकाराची नळी. चाबीला जिथे खाचा असतात तिथे पिकाला मागेपुढे सरकणाऱ्या बारीक सळया असतात. नळी आत दाबून हलकासा पीळ दिला की सळया पिनांना रेटतात. पिन आपल्या उंचीवर आली की अडते, पुढे जात नाही, आणि मग सळईच मागे सरकते. म्हणजे कुठली खाच किती खोल ते कुलूपच सांगतं. आपण फक्त ऐकायचं असतं, आणि तेच जमत नाही.

पहिली चूक खरेदीतच होते. "सात पिनांचा पिक" एवढंच पाहून लोक ऑनलाइन मागवतात. सात पिनांचेही पिक साधारण ७, ७.५ आणि ७.८ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या मापांत येतात. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडला तर नळी दांड्यावर जातच नाही, किंवा जाते आणि सैल डुगडुगते. डुगडुगणारी नळी जास्त वाईट, कारण सळया पिनांच्या मधोमध न बसता कडेला घासतात, आणि तुम्हाला वाटतं कुलूपच अवघड आहे. व्हर्नियर कॅलिपर (बारीक माप घ्यायचं साधन) पेटीत ठेवा, कुलपाचं तोंड मोजा, मगच पिक उचला. मालकाकडे त्याच कंपनीची दुसरी चाबी असेल तर तीच मोजलेली उत्तम. चाबीचा छोटा कान, जो कुलपाच्या खाचेत जातो, तोही पाहा. तो कधी पिनेच्या सरळ रेषेत असतो, कधी डावी-उजवीकडे सरकवलेला असतो. कान जुळला नाही तर सगळ्या सळया चुकीच्या जागी.

दुसरी चूक सळयांच्या घट्टपणाची. पिकाच्या मागच्या बाजूला रबरी कडं किंवा पेचाची कॉलर असते, तिने सळया किती सहज सरकतील ते ठरतं. फार सैल असेल तर स्प्रिंगच सळयांना मागे ढकलते आणि पिना हलतच नाहीत. फार घट्ट असेल तर पिना थेट तळाला जातात. माझी तपासणी साधी आहे: पिक हातात घेऊन हलवला तर एकही सळई हलू नये, आणि नखाने रेटली तर सरकावी. सातही सळया सारख्याच जोराने सरकल्या पाहिजेत. स्वस्तातल्या पिकात एखादी सळई हटकून आडमुठी निघते. ती आधीच बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या. आणि दर वेळी कुलपात घालण्याआधी पिकाचं तोंड काचेवर टेकवून सळया एका पातळीत आल्यात ना ते पाहा. मागच्या प्रयत्नाच्या उंच्या तशाच ठेवून पुन्हा घालणारे मी रोज पाहतो.

पीळ हा सगळ्यात मोठा विषय. एकदा एका गावच्या पाण्याच्या मशीनवर गेलो. मे महिना, दुपारचे दोन, पत्र्याची पेटी हाताला चटके देत होती, आणि मागे रिकाम्या कॅन घेऊन दहा-बारा बाया रांगेत. "झालं का जी?" दर मिनिटाला. मी घाईत पीळ वाढवत गेलो. करकर आवाज आला, मला वाटलं उघडलं. दोन सळया वाकल्या होत्या. नळी बाहेर निघेना, ती पकडीने ओढून काढावी लागली. पीळ जास्त दिला की सगळ्या पिना एकदमच अडकतात आणि सळया उगाच मागे जातात. दोन बोटांनी धरायचं, आत-बाहेर हलकं डोलवायचं, पीळ किंचित सोडायचा, पुन्हा द्यायचा. रांगेतल्या बायांना सांगा, चहा पिऊन या.

तरीही एखादी पिन दाद देत नसेल तर पिकाला शिव्या देण्याआधी कुलूप साफ करा. आमच्या भागात हे फार महत्त्वाचं. जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत कापसाची तूस सगळीकडे उडते आणि गोल कुलपाचं तोंड उघडंच असतं. त्यात कोणीतरी दर दिवाळीला खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडलेलं असतं. तेल, तूस आणि काळ्या मातीची धूळ मिळून आत चिकट गोळा होतो, पिन आत दाबली जाते पण परत बाहेर येत नाही. आधी बारीक ब्रशने आणि हवेच्या पिचकारीने सफाई, मग चिमूटभर ग्राफाइट पावडर. तेल नाही. निम्म्या वेळा एवढ्यावरच काम होतं.

सायकलीच्या कुलपात पेनाच्या प्लास्टिकच्या नळीचा तुकडा मोडून बसलेला, हाही नेहमीचा नमुना. २००४ मध्ये अमेरिकेत सायकलीची काही महागडी कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडत असल्याचं गाजलं होतं, त्याचे व्हिडिओ पोरं अजून पाहतात. प्रत्येक कुलूप तसं नसतं. आधी तुकडा काढायला माझा अर्धा तास जातो, त्याचे पैसे मी वेगळे घेतो.

कुलूप फिरू लागलं की अर्ध्यावर थांबू नका. एका पिनेएवढं फिरवून पिक काढला तर पिना शेजारच्या भोकांत उतरतात, आणि मग मूळ चाबी सापडली तरी ती लागत नाही. पूर्ण फिरवा, काम करा, पुन्हा मूळ जागी आणा, तेव्हाच बाहेर काढा.

बाहेर काढण्याआधी कॉलर आवळा, म्हणजे सळया जिथे आहेत तिथेच राहतील. मग मापपट्टीवर एकेक उंची वाचून वहीत उतरवा, त्या आकड्यांवरून नवी चाबी कापता येते. मी वहीत आकड्यांसोबत कुलपाच्या मालकाची सही घेतो. पंचायतीचं असेल तर सरपंचताईंची चिठ्ठी, दुकान असेल तर मालक समोर उभा. "मालक बाहेरगावी हाय, तुम्ही उघडून द्या" म्हणणाऱ्याला मी मालकाला फोन लावायला लावतो. त्यात निम्मे जण परत येत नाहीत.

त्या पाण्याच्या मशीनची पेटी दुसऱ्या दिवशी, सकाळी सातला, थंडगार असताना वीस मिनिटांत उघडली. नाण्यांच्या ढिगात सुटी गोल चाबी पडली होती.