साथीचं स्मारक उभारताना या चुका टाळा

साथ ओसरली की स्मारकाची घाई सुरू होते आणि मृतांचा आकडा दगडात कोरला जातो. ही सगळ्यात मोठी चूक. साथीतल्या मृत्यूंची नोंद वर्षानुवर्षं दुरुस्त होत राहते. चाचणी न होताच घरी वारलेली माणसं तर यादीत फार उशिरा येतात. त्यामुळे बेरीज लिहूच नका. नावं सुट्या पाट्यांवर कोरा आणि काही पाट्या कोऱ्या ठेवा.

नावं अकारविल्हे लावलीत तर उशिरा आलेलं नाव शेवटी 'इतर' म्हणून चिकटवावं लागतं, आणि त्या घरच्यांना ते फार लागतं. नावं येतील तशी लावा. शोधायला सोपं जावं म्हणून अकारविल्हे सूची बाजूला वेगळी ठेवा, ती बदलता येते.

दुसरी चूक देखभालीची. लंडनमध्ये थेम्सकाठी, संसदेच्या समोर, २९ मार्च २०२१ पासून लोकांनी सुमारे अर्धा किलोमीटर भिंतीवर हृदयाच्या आकाराचे लाल बदाम रंगवले, देशात कोविडने गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक. पेनांचा रंग उन्हापावसात उडू लागला, आतली नावं पुसट झाली. स्वयंसेवक ते बदाम टिकाऊ रंगाने पुन्हा भरत आले आहेत. अशी माणसं प्रत्येक ठिकाणी मिळतीलच असं नाही. म्हणून साहित्य ठरवण्याआधी त्याचा तुकडा वर्षभर उघड्यावर ठेवून बघा आणि डागडुजी कोण करणार, पैसे कुठून येणार, हे कागदावर घ्या.

नाव लावण्याआधी घरच्यांना विचारा. एड्सने गेलेल्यांच्या नावांचे तुकडे जोडून केलेली अमेरिकेतली एड्स स्मृती-गोधडी ऑक्टोबर १९८७मध्ये वॉशिंग्टनला पहिल्यांदा अंथरली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. या गोधडीतल्या काही तुकड्यांवर नुसतं पहिलं नाव आहे. रोगाला बट्टा लागलेला असला की एवढंच लिहिण्याची मुभा हवी.

काटेरी विषाणूची प्रतिकृती मात्र कृपा करून उभारू नका. ज्याने माणूस नेला, त्याचंच रूप तिथे येणाऱ्यांना का दाखवायचं?

आणि उंच चौथरा नको. साथीत कित्येकांना अंत्यदर्शनही मिळत नाही; ते इथे नावावरून हात फिरवायला येतात. चाकाच्या खुर्चीतून हात पोचेल इतक्या उंचीवर नावं घ्या. खाली फूल ठेवण्यापुरती कड ठेवा, आणि समोर पाठ टेकता येईल असा बाक.