फुकेतला रात्री खायचं-फिरायचं कसं, सराफ्याची सवय असलेल्या इंदूरकरांसाठी

सगळ्यात आधी घड्याळाचं बघा. आपण रात्री दहा-साडेदहाला सराफ्यात शिरतो, सोन्याचांदीची दुकानं बंद झालेली असतात, भुट्टे का कीस, गराडू, साबुदाणा खिचडी असं करत करत एक वाजतो, आणि तीच सवय घेऊन फुकेतला गेलं की पहिलीच रात्र वाया जाते. थायलंड आपल्या दीड तास पुढे आहे. तिथे दहा वाजतात तेव्हा आपलं पोट अजून साडेआठवरच असतं, भूक आत्ता कुठे लागायला लागलेली, आणि समोर स्टॉलवाले तवे घासतायत. आम्ही आई-बाबा, काका-काकू असे सहा जण थलांग रोडवरच्या रविवारच्या बाजारात साडेनऊला पोचलो, तर निम्म्या टेबलांवर चादरी टाकून झाल्या होत्या. तो बाजार दुपारी चारच्या सुमाराला लागतो आणि दहाला आवरतो. म्हणून तिथे क्रम उलटा ठेवायचा, साडेपाच-सहाला पोचून आधी खाऊन घ्यायचं, हिंडणं नंतर.

थलांग रोड म्हणजे जुनं फुकेत टाउन, चिनी-पोर्तुगीज धाटणीची रंगीत घरं, आणि खाण्यासाठी बीचपेक्षा मला हेच गाव जास्त आवडलं. 2015 मध्ये युनेस्कोने फुकेतला खाद्यसंस्कृतीचं क्रिएटिव्ह शहर म्हणून निवडलंय. खनोम क्रोक नक्की खा, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध आप्पेपात्रासारख्या बिडाच्या साच्यात ओतून करतात, काकूने पहिला घास घेतला आणि म्हणाली अगं हे तर गोड आप्पेच! केळं घालून कंडेन्स्ड मिल्क ओतलेली रोटी, आंबा आणि चिकट भात, आणि ओ-एव म्हणजे बर्फाच्या कीसावर घातलेली जेली, ही खास फुकेतचीच.

आता शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचा, कारण इथेच सगळे फसतात. मेन्यूत "व्हेज" लिहिलंय म्हणून शाकाहारी समजू नका. नाम प्ला म्हणजे माशाचं सॉस बहुतेक भाज्यांत, फ्राइड राइसमध्ये पडतं, ग्रीन करी, रेड करीच्या वाटणातच कोळंबीची पेस्ट असते, आणि सोम तम म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी. वरचे तुकडे वेचून काढले तरी वाटणातलं कसं काढणार? त्यामुळे "नो मीट" म्हणून भागत नाही, "जे" म्हणायचं. जे म्हणजे मांस-मासे-अंडं तर नाहीच, दूध, कांदा, लसूणही नाही, म्हणजे आपल्या चातुर्मासापेक्षाही कडक. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ते एक अक्षर लिहिलेलं असतं, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दाखवा. तसं दुकान नसेल तर "माय साय नाम प्ला" म्हणजे माशाचं सॉस घालू नका, "माय साय खाय" म्हणजे अंडं नको. शेवटी पुरुषांनी "ख्राप", बायकांनी "खा" लावायचं, एवढ्याने समोरचा माणूस लगेच मऊ होतो. जिरावणाची पुडी बरोबर असू द्या, साध्या भातावर आणि तळलेल्या तोफूवर भुरभुरली की बाबांचं जेवण होत होतं. आणि जमलं तर फुकेतच्या व्हेजिटेरियन फेस्टिव्हलमध्येच जा, चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास येतो, तेव्हा गावात जिकडे तिकडे पिवळी निशाणं आणि जे जेवण. फक्त मिरवणुकीत लोक गालातून सळया आरपार घालतात, लहान मुलांना आधी सांगून ठेवा.

मासे खाणाऱ्यांनी रावाय नावाच्या बीचवर जावं. एका बाजूला ताजी मासळी विकत घ्यायची, समोरच्या हॉटेलात द्यायची, ते करून देतात, करणावळ वेगळी. भाव कधी किलोचा असतो कधी 100 ग्रॅमचा, वजन करायच्या आधीच विचारा. मोठ्या हॉटेलात किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि 7 टक्के व्हॅट वरून लागणार हे धरून चाला.

पातोंग बीचजवळचा बांगला रोड, म्हणजे बारचा रस्ता, संध्याकाळी गाड्यांना बंद होतो, मग नुसती माणसं आणि दिवे आणि दोन्हीकडून गाणी. आई-बाबांना घेऊन आठ-नऊला एक चक्कर मारायला काही हरकत नाही, आम्ही मारली, पण हातात कार्ड घेऊन "शो शो" करत मागे लागणाऱ्यांबरोबर वरच्या मजल्यावर अजिबात जाऊ नका, आत गेल्यावर बिल भलतंच येतं. घरच्यांना शोच बघायचा असेल तर सायमन कॅबरे बघा, कपडे आणि नाच दोन्ही सुंदर, बाहेर कलाकारांबरोबर फोटो काढला की टिप द्यायची हे लक्षात ठेवा. तरुण मंडळी बारमध्ये बसणार असतील तर तुमच्या पुढ्यातल्या छोट्या डब्यात प्रत्येक ड्रिंकची चिठ्ठी ठेवतात, ती दर वेळी वाचा. भावाच्या डब्यात एका ठिकाणी दोन जास्तीच्या निघाल्या, लगेच दाखवल्या म्हणून काढून घेतल्या. आणि बारमधली घंटा वाजवू नका, वाजवली म्हणजे सगळ्या बारला तुमच्याकडून एकेक ड्रिंक! वीस वर्षांखालच्यांना दारू मिळत नाही, आणि व्हेप म्हणजे ई-सिगारेट तर घरीच ठेवून या, तिथे त्यावर बंदी आहे.

परतीचं आधी ठरवा. गावातून बीचकडे जाणाऱ्या निळ्या बसगाड्या संध्याकाळी बंद होतात, मग टुकटुकवाले सांगतील तो भाव. ग्रॅब किंवा बोल्ट हे टॅक्सीचं अ‍ॅप इथूनच टाकून न्या आणि टुकटुकच करायची तर बसायच्या आधी आकडा पक्का करा. दारू पिऊन भाड्याची स्कूटर चालवायची नाही, त्या घाटरस्त्यांवर तर नाहीच. रोख सुटे बाट जवळ असू द्या, तिथल्या एटीएममध्ये आपलं कार्ड टाकलं की दर वेळी 200 बाटच्या वर फी कापतात, म्हणून एकदाच काढा.

आणि तिकीट काढताना रविवार फुकेतमध्ये पडेल असं बघा. इंदूरहून मुंबई किंवा दिल्ली करून शनिवारी पोचलात तर एक रात्र झोपायला मिळते आणि दुसऱ्या दिवशी सहाला थलांग रोडवर.