प्रोलॉगमधले इव्हेंटवर चालणारे नियम: सुरुवात स्वतःच्या फ्रीझपासून करा

वेब प्रोग्रामिंग करून प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या भाषेच्या इंजिनाकडे वळणाऱ्यांना इव्हेंट म्हटलं की माऊसचा क्लिक आठवतो. इथला मुख्य इव्हेंट एवढाच: रिकाम्या व्हेरिएबलला किंमत मिळाली. तिची वाट बघत गोल (प्रोलॉगने सिद्ध करायचं विधान) थांबवून ठेवतं ते फ्रीझ. प्रोलॉगचे एक जनक कोल्मेरोअर यांच्या प्रोलॉग-२ मध्ये ते १९८० च्या दशकातच होतं. थॉम फ्रूविर्थ यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या सीएचआरचे (कन्स्ट्रेंट हँडलिंग रूल्स, म्हणजे अटी हाताळणाऱ्या नियमांची भाषा) नियमही व्हेरिएबलला किंमत मिळाली की पुन्हा तपासले जातात.

म्हणून नव्या मुलांना मी आग्रहाने सांगतो, सीएचआरचा कंपायलर उघडण्याआधी एसडब्ल्यूआय-प्रोलॉग या मोफत प्रोलॉगमध्ये स्वतःचं फ्रीझ लिहा. मोजक्या ओळींचं काम आहे. थांबलेला गोल पुट-अ‍ॅट्रने (व्हेरिएबलला माहिती चिकटवणाऱ्या आज्ञेने) त्या व्हेरिएबलवरच ठेवायचा. असर्ट करून, म्हणजे नवं विधान म्हणून साठवून, प्रोलॉगच्या डेटाबेसमध्ये ठेवू नका. असर्ट गोलची प्रत काढतं, प्रतीतले व्हेरिएबल नवे असतात, आणि मूळ व्हेरिएबलशी संबंधच उरत नाही.

मग अ‍ॅट्र-युनिफाय-हूक. माहिती चिकटवलेल्या व्हेरिएबलला काही जोडलं गेलं की प्रोलॉग तुमचा हा हूक आपोआप बोलावतं. समोर आकडा आला तर गोल चालवा, सोपं आहे. खरी परीक्षा समोर दुसरं रिकामं व्हेरिएबल आल्यावर. एक्सवर एक गोल थांबलाय, वायवर दुसरा, आणि कुणीतरी एक्स = वाय केलं. आता दोन्ही गोल जोडून उरलेल्या व्हेरिएबलवर ठेवायला हवेत. हे राहून गेलं तर एरर येत नाही, एक गोल गुपचूप हरवतो. अशी चूक शोधताना माणूस मेटाकुटीला येतो, म्हणून चाचणी आधीच लिहा: दोन्ही व्हेरिएबल जोडा, एक्सला ५ द्या, दोन्ही गोल चालले का बघा. मग मुद्दाम फेल करा, म्हणजे प्रोलॉग बॅकट्रॅकिंग करून मागच्या पर्यायाकडे परतेल. एक्स आणि वाय पुन्हा सुटे व्हायला हवेत, ज्याचा गोल त्याच्यापाशी. पुट-अ‍ॅट्रने केलेला बदल बॅकट्रॅकिंगमध्ये आपोआप मागे घेतला जातो. स्क्रीनवर छापलेली ओळ किंवा फाइलमध्ये लिहिलेला मजकूर मात्र मागे घेतला जात नाही. जागं होणाऱ्या गोलांत तसली कामं ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

वेळेचंही भान ठेवा. एसडब्ल्यूआयमध्ये हा हूक युनिफिकेशन (दोन पदं जुळवून एक करणं) झाल्यावर चालतो. एफ(एक्स, वाय) = एफ(१, २) केलं तर एक्सचा हूक चालतो तेव्हा वायलाही २ मिळालेले असतात. सिक्स्टस या दुसऱ्या प्रोलॉगमध्ये याच कामासाठी असलेलं व्हेरिफाय-अ‍ॅट्रिब्यूट्स किंमत बसण्याआधीच बोलावलं जातं. एकीकडचा कोड दुसरीकडे जसाच्या तसा उचलला की इथेच अडतो.

हे जमलं की थांबलेले गोल उत्तरात कसे दाखवायचे ते सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट-गोल्स लिहा. ते नसेल तर न जागे झालेले गोल उत्तरात नीट न दिसता नुसतं पुट-अ‍ॅट्र दिसतं. त्यानंतर सीएचआर उघडायला हरकत नाही.