पहिली ते तिसरीच्या मुलांकडून गोष्टी लिहून घ्यायच्या कशा?

'आज आपण गोष्ट लिहूया, विषय तुमचा तुम्ही ठरवा' असं छोट्या मुलांच्या वर्गात एकदा सांगून बघा. अर्धा वर्ग पेन्सिलीला टोक करायला उठतो, चारपाच जण शेजारच्याच्या वहीत डोकावतात आणि उरलेले 'एक राजा होता' एवढं लिहून आपल्या तोंडाकडे बघत बसतात. मुलांचा दोष नाही हो यात, इतका मोकळा विषय दिला तर आपल्यालाही काही सुचणार नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की विषय देऊ नका, अडचण द्या. 'माझा आवडता प्राणी' म्हटलं की चार पाय, दोन डोळे, एक शेपूट हे ठरलेलंच येणार, पण 'मांजर झाडावर चढलंय आणि आता त्याला उतरता येत नाहीये, त्याला खाली कोण आणि कसं आणेल' असं म्हटलं की लगेच हात वर होतात, कारण आता काहीतरी सोडवायचंय. अडचण मात्र छोटी हवी, पृथ्वी वाचवायला लावू नका, तिथे पोरं लेझर आणि बॉम्बवर जातात आणि गोष्ट दोन ओळीत संपते.

दुसरी युक्ती दोन शब्दांची, इटलीचे बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांची. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांची गाठ घालून द्यायची. एका मुलाला फळ्यावर एक शब्द लिहायला सांगा, दुसऱ्याला फळ्याकडे पाठ करून कानात दुसरा शब्द सांगायला लावा म्हणजे ठरवून काही होत नाही. समजा आले 'चमचा' आणि 'ढग'. आता नुसते प्रत्यय बदलत जा, चमच्यातला ढग, ढगाचा चमचा, चमच्यावर बसलेला ढग, ढगासाठी चमचा. मुलं इथेच हसायला लागतात. मग त्यातला एक निवडायचा आणि विचारायचं, ढगाला चमचा कशाला लागला असेल बरं? व्याकरणाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही हा वरचा फायदा :) फक्त 'झाड' आणि 'पक्षी' असे शब्द आले तर सरळ बदलून घ्या, ते आधीच एकत्र राहतात त्यामुळे तिथे गोष्ट घडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लिहिण्याआधी बोलणं. बरेच जण हे गाळतात कारण वर्गात गोंगाट होतो आणि शेजारच्या वर्गातून कोणीतरी डोकावतं. होऊ दे. जे मूल गोष्ट तोंडाने सांगू शकत नाही ते लिहू कुठून शकणार? दहा मिनिटं जोडीजोडीने एकमेकांना गोष्ट सांगू द्या, आधी एकाने सांगायची आणि दुसऱ्याने फक्त 'मग काय झालं?' एवढंच विचारायचं, मग अदलाबदल. आपण प्रश्न विचारला की थोडं थांबायचंही असतं, हे आपल्याला फार जड जातं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधली बोलणी रेकॉर्ड करून तपासली तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात, आणि हीच वाट तीन सेकंद किंवा जास्त बघितली तर मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प बसणारीही बोलतात. मनातल्या मनात एक-दोन-तीन मोजा, बाकी काही करू नका.

पहिलीतल्या मुलाचं अर्धं लक्ष अक्षर वळवण्यातच जातं, त्यामुळे डोक्यात लांबलचक गोष्ट असते आणि वहीत तीन शब्द. अशा मुलांची गोष्ट तुम्ही लिहून घ्या. व्हिव्हियन पेली या अमेरिकेतल्या बालवर्गाच्या शिक्षिका वर्षानुवर्षं हेच करायच्या, मूल सांगेल ते त्याच्याच शब्दात कागदावर उतरवायचं आणि मग सगळ्या वर्गाने ती गोष्ट नाटकासारखी करून दाखवायची. 'त्याच्याच शब्दात' हे नीट पाळा, आपला हात सुधारणा करायला फार शिवशिवतो. आणि नाटक केलं की मुलाला आपोआप कळतं की 'मग ते गेले' लिहिलंय पण कोण गेले आणि कुठे गेले हेच नाहीये, करणारी मुलं तिथेच उभी राहून त्यालाच विचारतात.

ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं पहिल्या खर्ड्यात बघायचीच नाहीत. लाल पेन ड्रॉवरमध्ये. कारण काय होतं, दोनदा लाल गोल पडले की मूल हुशार होतं आणि येणारेच शब्द वापरायला लागतं, म्हणजे त्याला 'गडगडाट' लिहायचं असतं पण ते 'आवाज' लिहून मोकळं होतं. चुकीचा 'गडगडाट' कधीही चांगला. खोडरबरही त्या पंधरा मिनिटांपुरतं बाजूला ठेवायला सांगा, नको असेल त्यावर एक रेघ मारायची आणि पुढे जायचं. शुद्धलेखन बघायचंच आहे, पण दुसऱ्या दिवशी, आणि फक्त जी गोष्ट भिंतीवर लागणार आहे तिचं.

मग सुधारायचं काय? एका वेळी एकच जागा. समजा एकीने लिहिलंय, 'ससा घाबरला. मग तो पळाला. मग तो घरी गेला.' इथे 'अजून वर्णन कर' म्हटलं तर ती 'खूप घाबरला' करून आणेल. त्यापेक्षा विचारा, घाबरल्यावर त्याचे कान कसे झाले? ती बहुतेक बोलणार नाही, दोन्ही हात डोक्यावर ठेवून मागे दाबून दाखवेल, 'बाई, असे.' हे असे म्हणजे कसे, तेच लिही. आणि येतं, 'सशाने कान पाठीला चिकटवले.' एवढं झालं की थांबा! बाकीचे दोन 'मग' आजच्यापुरते राहू द्या.

वाचून दाखवायची सक्ती नको, ज्याला नको त्याची गोष्ट शेजाऱ्याने वाचावी. ऐकणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही, लक्षात राहिलेला एक शब्द किंवा एक वाक्य सांगायचं, म्हणजे कान देऊन ऐकलं जातं.

राहता राहिली नेहमीची दुखणी. कोणी कार्टूनमधलीच गोष्ट उतरवली तर रागावू नका, त्या पात्राला तुमच्या वर्गात आणा आणि एक दिवस शाळेत बसवा, पुढचं आपोआप नवीन होतं. दोन मिनिटात 'झालं!' म्हणणाऱ्याला अजून लिही म्हणू नका, गोष्टीतली सगळ्यात भीतीची किंवा गमतीची जागा बोटाने दाखवायला सांगा आणि तिथे दोन वाक्यं वाढवून घ्या. आणि 'मग तो झोपेतून जागा झाला, ते स्वप्न होतं' हा शेवट वर्गात एकाने केला की आठवड्याभरात सगळे करतात, त्याला सरळ बंदी घाला, फक्त कारण सांगा की स्वप्न म्हटलं की अडचण कोणीच सोडवत नाही, मांजर अजून झाडावरच आहे.