महागडे स्पीकर ऐकायला जाण्याआधी

पहिलं काम वही-पेन घेऊन बसण्याचं. ज्या स्पीकरवर मन बसलंय, त्याच्या मालकांचे अनुभव मिळतील तेवढे वाचा, पण प्रत्येक मताशेजारी चार गोष्टी टिपा: त्यांचा ॲम्प (स्पीकरला ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर) कोणता, खोली केवढी, ते स्पीकरपासून किती लांब बसतात आणि याआधी काय वापरत होते. ॲम्पचा उल्लेखच नसेल तर ते मत कितीही मनापासून लिहिलेलं असलं तरी बाजूला ठेवा. एकाच मॉडेलबद्दल एक जण ‘बेस सैल पडतो’ म्हणतो, दुसरा ‘बेस घट्ट आणि नेमका’ म्हणतो, आणि दोघेही खरं बोलत असतात. मालक ऐकतो ती स्पीकर आणि ॲम्पची जोडी. एकटा स्पीकर कुणी ऐकलेलाच नसतो. आधीचे स्पीकर फार चरचरीत असतील तर नवे आठवडाभर मंद वाटणारच, म्हणून ती चौथी नोंदही सोडू नका. नव्या खरेदीच्या आनंदात लिहिलेल्या मतापेक्षा वर्षभर वापरलेल्या माणसाच्या दोन ओळींना मी जास्त वजन देतो.

मग स्पीकरचे कागद काढा. सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक व्होल्टला स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा, आकडा बहुतेक वेळा २.८३ व्होल्टला, १ मीटरवर दिलेला असतो. ओहम म्हणजे ॲम्पच्या करंटला स्पीकर करतो त्या विरोधाचं माप. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट म्हणजे २ वॅट. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरची ८८ डेसिबल ही १ वॅटच्या हिशोबात ८५ होते. हे ३ डेसिबल मनातल्या मनात वजा करायची सवय लावून घ्या. १० डेसिबलच्या फरकाला दहापट वॅट लागतात: ९७ डेसिबलचा स्पीकर १० वॅटवर जेवढा वाजेल, तेवढं ८७ डेसिबलवाल्याला वाजवायला १०० वॅट हवेत. क्लिप्शहॉर्नसारखे कोपऱ्यात ठेवायचे हॉर्न स्पीकर शंभर डेसिबलच्या पुढे जातात, त्यामुळे ३००बी या ट्यूबच्या (जुन्या धाटणीच्या काचेच्या व्हॉल्व्हच्या) आठेक वॅटच्या ॲम्पवर लोक ते समाधानाने ऐकतात. पण अशा जोडीत ॲम्पची घरघर आणि सूंऽऽ असा आवाजही तितकाच वर येतो. गाणं बंद ठेवून ट्वीटरजवळ (उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाजवळ) कान नेऊन ते तपासायचं, हेही यादीत लिहा.

इम्पीडन्सवर, म्हणजे ओहममध्ये मोजतात त्या विरोधावर, मात्र जास्त वेळ घालवा, कारण मालकांच्या मतांमधली बरीचशी भांडणं इथूनच निघतात. ‘८ ओहम’ हा फक्त नाममात्र आकडा. खरा इम्पीडन्स प्रत्येक फ्रीक्वेन्सीला, म्हणजे सुराच्या उंचीप्रमाणे, बदलतो. एकच स्पीकर एका फ्रीक्वेन्सीला ३ ओहमपर्यंत खाली येतो आणि दुसऱ्या फ्रीक्वेन्सीला २० ओहमवर चढतो. आता ज्या ट्यूब ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स (ॲम्पचा स्वतःचा आतला विरोध) २ ओहम आहे, तो या स्पीकरला लावला तर त्या दोन फ्रीक्वेन्सींच्या आवाजात सुमारे साडेतीन डेसिबलचा फरक पडतो. हा फरक कानाला स्पष्ट कळतो. आउटपुट इम्पीडन्स ०.०५ ओहम असलेल्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर तोच फरक ०.१ डेसिबलच्या आसपास राहतो. ‘या ॲम्पवर गायकाचा आवाज पुढे आला, ऊबदार झाला’ असं मालक लिहितो तेव्हा पुष्कळदा तो हा वर-खाली झालेला आलेखच ऐकत असतो. त्याला ते आवडत असेल तर त्यात वाईट काही नाही, पण तुमच्या ॲम्पवर तो ऊबदारपणा मिळेलच असं नाही. म्हणून किमान इम्पीडन्स किती, तो कोणत्या फ्रीक्वेन्सीला येतो आणि तिथे फेज अँगल (व्होल्टेज आणि करंट एकमेकांच्या किती मागेपुढे चालतात ते) केवढा, हे विचारून ठेवा. कमी ओहम आणि मोठा फेज अँगल बेसमध्ये एकत्र आले की ॲम्पची खरी परीक्षा असते.

दोन जुनी उदाहरणं हाताशी असू द्या. बीबीसीने १९७० च्या दशकात बनवलेला एलएस३/५ए मूळचा १५ ओहमचा, म्हणजे ॲम्पला अगदी हलका. पण सेन्सिटिव्हिटी ८२-८३ डेसिबलच्या घरातली. मोठा ॲम्प लावला तरी त्याचा छोटा वूफर (खालचे सूर वाजवणारा भाग) एका मर्यादेपुढे जात नाही, म्हणून त्याचे चाहते बहुधा लहान खोलीत, जवळ बसून ऐकणारे असतात. मॅग्नेपॅन कंपनीचे सपाट पॅनेलचे स्पीकर याच्या उलट: साधारण ४ ओहम, पण जवळपास स्थिर. त्यांना करंट भरपूर लागतो, पण चढउतार त्रास देत नाहीत. ते मागेही तेवढाच आवाज फेकतात, त्यामुळे भिंतीपासून चांगले पुढे ठेवावे लागतात.

आता स्वतःच्या ॲम्पकडे वळा. ८ ओहमला किती वॅट आणि ४ ओहमला किती, हे दोन्ही लिहा. दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीजवळ असेल तर पॉवर सप्लायमध्ये दम आहे. ४ ओहमचा आकडा दिलेलाच नसेल तर अवघड स्पीकरपासून दूर राहा. ट्यूब ॲम्प असेल तर ४ आणि ८ ओहमचे दोन्ही टॅप (स्पीकरची वायर जोडायच्या वेगळ्या जागा) ऐकून पाहायचे, आणि स्पीकर न जोडता तो कधीही चालू करायचा नाही. ॲम्प ब्रिज करायचा (दोन बाजू जोडून एकाच स्पीकरला द्यायचा) विचार असेल तर प्रत्येक बाजूला स्पीकरचा निम्माच इम्पीडन्स दिसतो, हे आधी तपासा. केबलबद्दल फार बोलण्यासारखं नाही: २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची ५ मीटर वायर जाऊन-येऊन ०.०७ ओहम भरते, तेवढं पुरे.

खोलीची लांबी-रुंदी मोजून घ्या. ५ मीटर लांबीच्या खोलीत पहिला घुमारा (लांबीमुळे खोलीत आपोआप फुगणारा बेसचा सूर) साधारण ३४ हर्ट्झला येतो. स्पीकर त्याच्याही खाली उतरत असेल तर बेसची तक्रार ॲम्पवर ढकलण्याआधी बसायची जागा हलवून पाहा.

ऐकायला जाताना शक्य असेल तर ॲम्प स्वतःचाच न्या, वजनदार असला तरी. रेकॉर्डिंग चार-पाचच, पण तोंडपाठ असलेली: एक एकट्या गळ्याचं, एक तंबोऱ्याचं किंवा तसा सतत चालणारा सूर असलेलं, एक पियानो, एक खोल बेस असलेलं आणि एक तुमच्या आवडीचं पण वाईट रेकॉर्ड झालेलं. शेवटचं वगळू नका. घरी रोज तीही गाणी ऐकायची असतात, आणि काही महागडे स्पीकर ती ऐकूच देत नाहीत. दोन ॲम्पची तुलना करताना आवाज मीटरवर मोजून सारखा करा; अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला ॲम्प उगाचच ‘अधिक जिवंत’ वाटतो. आणि निदान एक गाणं हळू आवाजात ऐका, कारण बहुतेक ऐकणं तसंच होतं.

पसंत पडले तर थोडे दिवस घरी मागा. तिथे आपल्या खोलीत, आपल्या ॲम्पवर रोजच्यासारखं ऐका, आणि परत देण्याच्या आदल्या संध्याकाळी जुने स्पीकर जोडून तीच गाणी लावा. जुन्यावर परत आल्यावर काय हरवलं हे कुणाच्याही मदतीशिवाय सांगता येत नसेल, तर ऑर्डर देऊ नका.