गाडीतल्या टेपची शिट्टी, खरखर आणि फाटका आवाज: या चुका टाळा

"भाऊ, रेस दिधी का शिट्टी वाजस." पारोळ्याकडचे एक कापूस उत्पादक शेतकरी बोलेरो घेऊन धुळ्याला माझ्याकडे आले आणि गाडीतून उतरता उतरता एवढंच म्हणाले. निम्मं निदान त्या एका वाक्यातच होतं. तरीही आधी दोन ठिकाणी दाखवून त्यांचे चारही स्पीकर बदलून झाले होते, वर नवा अँप, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारा अँप्लिफायर, बसला होता. शिट्टी जिथल्या तिथे.

मागचं सीट काढलं. अँपची काळी, म्हणजे अर्थाची, वायर सीटच्या ब्रॅकेटवर स्क्रूने आवळलेली होती. स्क्रू काढून वायरीच्या टोकाचं थिंबल उचललं, तर खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, गोल, चकचकीत. धातू धातूला टेकलाच नव्हता. जो काही संपर्क होता तो स्क्रूच्या आट्यांतून. शेजारी बॉडीचा जाड पत्रा बघून रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून नट-बोल्टने थिंबल आवळलं आणि गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. गाडी चालू करून रेस दिली. शिट्टी गेली होती. सामानाचा खर्च शंभर रुपयांच्या आत.

म्हणून सगळ्यात मोठी चूक कोणती, तर आवाज कशाच्या मागे चालतो हे न ऐकता सामान बदलणं. रेस वाढवली की सूर चढतो? मग अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) आणि अर्थिंग, म्हणजे मायनस वायरीचा बॉडीशी असलेला जोड, बघा. रेसबरोबर टिक-टिक जलद होते? पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरी तपासा. व्हॉल्यूम वाढवला की आवाज फाटतो, पण गाणं थांबलं की काहीच नाही? मग अँपचा गेन, बास किंवा स्पीकर. खड्ड्यात गेल्यावरच करकर होते? कुठेतरी वायरी जोडणारा कपलर ढिला आहे. गाडी बंद, टेप चालू असं ठेवून एकदा ऐका आणि मग इंजिन चालू करून ऐका. या दोन मिनिटांत निम्मे संशयित बाद होतात.

आता अर्थिंगचं थोडं सविस्तर सांगतो, कारण शिट्टीच्या बहुतेक गाड्यांत घोळ इथेच सापडतो. डेकचा, म्हणजे टेपच्या मुख्य युनिटचा, अर्थ पुढे डॅशबोर्डमध्ये आणि अँपचा मागे डिकीत. दोन्ही ठिकाणचा पत्रा एकाच गाडीचा असला तरी दोन्हीकडे व्होल्टेज अगदी सारखं नसतं. मधे गंज, रंग किंवा ढिला बोल्ट आला की फरक वाढतो आणि तो भरून काढायला करंट डेककडून अँपला गाणं नेणाऱ्या आरसीए केबलच्या जाळीतून वाहू लागतो. अल्टरनेटरचा सूर मग गाण्याबरोबर थेट अँपमध्ये शिरतो. दोष स्पीकरचा नसतोच, तो बिचारा जे येतं ते वाजवतो.

तपासायला मल्टीमीटर पुरे. गाणं मोठ्याने चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर लावा, एक टोक अँपच्या अर्थ टर्मिनलवर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत दिसलं तर ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थ कच्चा आहे. अर्थाची वायर प्लसच्या वायरीइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड हवी. सीट बेल्टच्या बोल्टला अर्थ बांधू नका. त्या बोल्टवर माणसाचा जीव अवलंबून असतो, तो उघडायचाच नाही. आणि पत्र्याला नवं भोक पाडण्याआधी खाली वाकून पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप कुठे आहेत ते डोळ्यांनी बघा.

अर्थ पक्का असूनही शिट्टी राहिली तर गाडी बंद करून अँपमधून आरसीए काढा आणि पुन्हा चालू करा. शिट्टी गेली, तर ती डेककडून किंवा केबलमधून येत होती. आता चार्जरला न लावलेला फोन आरसीए वायरीने थेट अँपला जोडून बघा. स्वच्छ वाजलं, तर डेकचा अर्थ आणि केबल तपासा. प्लसची जाड वायर आणि आरसीए एकाच बाजूने, कार्पेटखाली एकत्र टेपने गुंडाळलेल्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. एक डावीकडून न्या, दुसरी उजवीकडून. जिथे ओलांडावीच लागेल तिथे काटकोनात ओलांडा.

फोन ऑक्सला आणि त्याच वेळी गाडीच्या चार्जरला लावल्यावर येणारी घरघर हाच प्रकार आहे. चार्जर काढा, घरघर थांबेल. आकाशवाणी लावल्यावरच खरखर येत असेल तर स्वस्त चार्जर, डॅशकॅम, बाहेरून बसवलेले एलईडी दिवे एकेक करून बंद करून बघा. बाजारात आरसीएच्या मधे लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, त्याने शिट्टी जातेही. पण स्वस्तातला असेल तर बासही जातो. मूळ अर्थ दुरुस्त करण्याचा कंटाळा म्हणून तो लावणं मला पटत नाही.

आता फाटका आवाज. इथे बहुतेक वेळा गेनचं बटण गुन्हेगार असतं. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. डेककडून येणाऱ्या सिग्नलशी अँपचा मेळ घालायला तो दिलेला असतो. लग्नाच्या सीझनला वऱ्हाडाच्या गाड्यांत गेन पूर्ण, बास बूस्ट पूर्ण, डेकचा लाउडनेसही चालू असतो. अँपला जितकं देता येतं त्यापुढे लाटेची टोकं कापली जातात आणि गोल लाट चौकोनी होत जाते. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लाटेच्या दुप्पट पॉवर असते. ती जवळजवळ सगळी स्पीकरच्या कॉइलमध्ये उष्णता होऊन उतरते. खानदेशातल्या उन्हाळ्यात बंद गाडी आधीच भट्टीसारखी तापलेली असते, त्यात ही भर. कॉइल जळाल्याचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

गेन असा लावा. बास बूस्ट आणि लाउडनेस बंद, इक्वलायझर सपाट. स्पीकरच्या वायरी अँपमधून काढा. डेकचा व्हॉल्यूम पाऊण करा आणि पूर्ण पातळीचा टेस्ट टोन लावा: दारातल्या स्पीकरसाठी १००० हर्ट्झ, वूफरसाठी ५०. मीटर एसी व्होल्टवर ठेवा. स्पीकरचे खरे वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, तेवढे व्होल्ट येईपर्यंतच गेन वाढवा. ५० वॉट आणि ४ ओहमला साधारण १४ व्होल्ट होतात. वॉट मात्र आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे, धरा, खोक्यावरचा मॅक्सचा आकडा नको, आणि अँपचा आरएमएस कमी असेल तर हिशेबात तोच घ्या. डेकवर ५० गुणिले ४ छापलेलं असतं, पण एका चॅनेलला सलग मिळतात ते वीसेक वॉट. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला खालचे सूर अडवणारा ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावला की तो मोकळा श्वास घेतो, खालचा बास वूफरवर सोडा.

गाणंही तपासा. व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत आलेली अहिराणी रिमिक्स पुष्कळदा मुळातच फाटलेली असतात, त्यावर गाडीची परीक्षा करू नका.

डेकच्या स्पीकर वायरींतली मायनस बॉडीला जोडणं ही जुन्या सवयीची चूक अजून दिसते. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण सहा-सहा व्होल्ट असतात, मायनस म्हणजे अर्थ नव्हे. ती बॉडीला टेकली तर आवाज फाटतो, डेक बंद पडतो, कधी आतली आयसी (चिप) उडते. तसंच अँप किमान २ ओहमचा असताना चार-चार ओहमचे तीन वूफर समांतर जोडू नका, एकूण ओहम दोनच्या खाली जातात.

आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू स्पीकरचंही नुकसान करतात. संशय असेल तर जाळी काढून चार बोटांनी कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) सगळीकडून सारखा दाबा. खरर् असं घासलं तर कॉइल घासतेय, तो स्पीकर बदलाच. फोमची कड बोटाने चुरली तरी तेच. पेन्सिल सेल क्षणभर लावला तर टप् आवाज होऊन कोन हलतो. प्लसला प्लस लावल्यावर तो बाहेर यायला हवा. काहीच हललं नाही तर कॉइल तुटली आहे. आणि बासबरोबर थरथर येत असेल तर आधी दाराच्या पॅडवर तळहात दाबून बघा. कित्येकदा स्पीकर ठणठणीत असतो, क्लिप तुटलेली असते.

एवढं करूनही सूर गेला नाही तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा. ०.५ च्या वर आले तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याची शक्यता मोठी. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं, टेपवाल्याचं नव्हे.

काम झाल्यावर मी गाडी दुकानासमोर ऐकवून सोडत नाही. हेडलाइट, एसी, वायपर सगळं चालू करून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून हायवेवर एक चक्कर मारतो. पारोळ्याच्या भाऊंनाही तसंच शेजारी बसवलं होतं. त्यांनी काच वर केली, कान डेकजवळ नेला आणि परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.